होळी ते रामनवमी: पुण्यात पक्षी बघण्याचा एक अख्खा दिवस

पुण्यात पक्षी बघायचे तर डिसेंबर-जानेवारीत, असं बहुतेकांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. थंडी, धुकं, भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो). त्यात चूक काहीच नाही. पण मला कुणी वर्षातला एकच दिवस निवडायला सांगितला, तर मी होळी पेटल्यानंतरचा आणि रामनवमीच्या आतला एखादा दिवस निवडीन.

या दिवसांत तीन गोष्टी एकदम जुळून येतात. थंडीचे पाहुणे अजून गेलेले नसतात आणि परतीच्या तयारीत असल्यामुळे त्यांचे रंग उजळलेले असतात. आपल्याकडचे कायमचे पक्षी गायला आणि घरटी करायला लागलेले असतात. आणि झाडांची पानं झडलेली असतात, त्यामुळे एरवी नुसता ऐकू येणारा पक्षी नीट दिसतो. त्यातच काटेसावर, पळस, पांगारा ही झाडं निष्पर्ण फांद्यांवर फुलं घेऊन उभी असतात, आणि ओढे आटून पाणी ठरावीक डबक्यांपुरतं उरतं. म्हणजे पक्षी कुठे येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. थंडीत पक्ष्यांना शोधत फिरावं लागतं, वसंतात झाड किंवा पाणी शोधून तिथे बसून राहायचं.

हे बसून राहणं मला फार उशिरा कळलं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका दिवसात सहा-सहा ठिकाणं करायचो. कवडी, पाषाण, सिंहगड, परत टेकडी, आणि संध्याकाळी वहीत जेमतेम तीस नावं. मग एका मार्चमध्ये गाडी पंक्चर झाली आणि पानशेत रस्त्यावर एका काटेसावरीखाली दोन तास अडकलो. त्या एका झाडावर त्या दोन तासांत चौदा जातींचे पक्षी येऊन गेले. खाली दिलेला दिवस त्यानंतर हळूहळू आखत गेलो. चारच ठिकाणं आहेत, सगळी शहराच्या पश्चिम आणि नैऋत्य अंगाला, आणि प्रत्येक ठिकाणी थांबायला वेळ ठेवलेला आहे.

आदल्या दिवशीची तयारी

दुर्बीण हवीच. मागून आणा, मित्राची घ्या, पण घ्या. विकत घेणार असाल तर ८×४२ घ्या. यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. मोठ्या भिंगातून उजेड जास्त आत येतो, म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला हीच दुर्बीण उपयोगी पडते. १०×४२ मध्ये पक्षी थोडा मोठा दिसतो, पण हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो आणि झाडीत पक्षी सापडायला वेळ लागतो. नवशिक्याने आठच घ्यावी.

दुर्बीण घरीच जुळवून ठेवा, कारण ओढ्यात उभं राहून हे करायला गेलात तर पक्षी निघून गेलेला असेल. दूरची एखादी पाटी निवडा. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करून घ्या. मग डावा डोळा मिटा आणि उजव्या नळीवरची छोटी कडी फिरवून उजव्या डोळ्याला तीच पाटी स्वच्छ करा. कडीची ही जागा लक्षात ठेवा, पुन्हा तिला हात लावायचा नाही. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप खाली करून घ्या. नसेल तर वर ठेवा.

आता पक्षी दुर्बिणीत आणायचा सराव. नव्या माणसाची अडचण नेहमी इथेच होते. पक्षी दिसला की माणूस मान खाली घालून दुर्बीण शोधतो, मग वर बघतो, तोवर फांदी हरवलेली असते. नजर पक्ष्यावरून अजिबात हलवू नका. नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपुढे आणा. गॅलरीत उभं राहून समोरच्या तारेवरच्या पारव्यांवर दहा-पंधरा वेळा करून बघा, हाताला सवय होते.

कपडे मळकट रंगाचे, खाकी किंवा पानांत मिसळून जाणारे हिरवे. पांढरा शर्ट नको. अत्तर, सेंट, सुवासिक तेल तर मुळीच नको. या दिवसांत कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मधमाश्यांची मोहोळं असतात, आणि उग्र वास किंवा धूर त्यांना चवताळायला पुरतो. मोहोळ दिसलं तर आवाज न करता आल्या वाटेने मागे फिरा. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पायात बूट, एक छोटी वही आणि पेन्सिल. मार्चमध्ये दुपारचा पारा छत्तीसच्या आसपास असतो, त्यामुळे पाण्यात काटकसर करू नका.

मोबाइलवर ई-बर्ड (पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद करायला) आणि मर्लिन ही दोन अॅप घालून ठेवा. मर्लिन आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं, सुरुवातीला फार मदत होते. पण त्याने सुचवलेलं नाव म्हणजे नोंद नव्हे, पक्षी स्वतः बघा किंवा आवाज स्वतः ओळखा. आणि त्याच अॅपमधले आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलावू नका. विणीच्या काळात नराला वाटतं की दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय. मग तो घरटं, चारा, मादी सगळं सोडून त्या आवाजाच्या मागे फिरत राहतो. तुम्हाला एक फोटो मिळतो आणि त्याची सकाळ जाते. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

दिवस शक्यतो आठवड्यातला निवडा. रविवारी पहाटे पाचपासून सिंहगडावर चढणाऱ्यांची रीघ असते आणि दुपारनंतर खडकवासल्याच्या काठावर गर्दी असते.

पहाट: सिंहगडाच्या पायथ्याचा ओढा

आधी रान, मग पाणी, हा क्रम ठरवून टाका. रानातले छोटे पक्षी ऊन चढलं की सावलीत दडून गप्प बसतात, नऊनंतर त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. पाण्यावरचे पक्षी मात्र अकरा वाजताही तिथेच उघड्यावर उभे असतात. कितीतरी लोक सकाळचा सोन्यासारखा वेळ तलावावर घालवतात आणि दहा वाजता जंगलात शिरून 'आज काहीच नव्हतं' म्हणत परततात.

मार्चच्या मध्याला पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. म्हणून सव्वापाचला घर सोडा, सव्वासहाला आतकरवाडीच्या बाजूला पायथ्याशी पोहोचा. दुचाकी किंवा स्वतःची गाडी बरी. पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते, पण उजाडायच्या आत ती तुम्हाला पोहोचवेल याची खात्री धरू नका.

गाडी लावून उतरलात की लगेच चालायला लागू नका. दहा मिनिटं नुसतं उभं राहा. अंधारातच दयाळ गायला सुरुवात करतो. काळा-पांढरा, शेपटी उभारलेला, गावाच्या एखाद्या छपरावर किंवा फांदीच्या टोकावर. मार्चमधलं त्याचं गाणं वर्षभरातलं सगळ्यात सुंदर. त्यानंतर पावशा जागा होतो, 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' करत सूर चढवत नेतो. शेतकऱ्यांनी त्याच्या तोंडी पेरणीचा निरोप घातला, पण त्याचं ओरडणं उन्हाची चाहूल लागली की सुरू होतं. मग कुटुर्गा. 'कुटुर्र कुटुर्र' असा घुमणारा आवाज एका उतारावरून, त्याला उत्तर समोरच्या उतारावरून. आवाजांचा हा क्रम वहीत टिपून ठेवा.

उजाडलं की ओढ्याच्या कडेने हळूहळू आत जा. मार्चमध्ये ओढा वाहत नाही, दगडांच्या खोबणीत छोटी डबकी उरतात. असं एक डबकं निवडा ज्याच्यावर सावली आहे आणि बाजूला खाली झुकलेली एखादी फांदी आहे, कारण पक्षी आधी फांदीवर बसून अंदाज घेतो आणि मगच पाण्यावर उतरतो. त्यापासून पंधरा-वीस पावलांवर, झाडाला किंवा खडकाला पाठ टेकून बसा. पाठीमागे आधार असला की तुमची आकृती उठून दिसत नाही. बसल्यावर पहिली पंधरा मिनिटं काहीच येणार नाही. हलू नका. इथेच बहुतेक जण कंटाळून उठतात.

आधी येतात बुलबुल. डोक्यावर टोकदार तुरा आणि गालावर लाल ठिपका असलेला शिपाई बुलबुल, आणि आपल्या अंगणातला लालबुड्या. ते पाणी प्यायले की बाकीच्यांना धीर येतो. मग टिकेलचा निळा माशीमार येतो. पाठ गडद निळी, छाती नारिंगी, पोट पांढरं. हा इथला कायमचा रहिवासी, याच महिन्यांत ओढ्याच्या काठावरच्या कपारीत किंवा भोकात घरटं करतो. तो पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी जाताना दिसला तर समजून घ्या आणि जागा बदला. अंगभर हिरवट आकाशी रंगाचा नीलांग दिसला तर तो पाहुणा, लवकरच हिमालयाकडे निघणार.

जमिनीवर वाळलेल्या पानांचा चुरचुर आवाज येत असेल तर घाई न करता तिकडे बघा. सरडा असेल, नाहीतर नारिंगी डोक्याचा कस्तूर असेल. चोचीने एकेक पान उलटून खालचे किडे टिपत तो पुढे सरकतो. पानं उलटण्याचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा आवाज, अशी ती लय एकदा कानात बसली की पुढच्या वेळी डोळ्यांआधी कान सांगतात.

आणि स्वर्गीय नर्तक. सिंहगडाच्या दरीत माणसं खरी येतात ती याच्यासाठी. पूर्ण वाढलेला नर पांढराशुभ्र, डोकं काळंभोर, आणि शेपटीची दोन पिसं फितीसारखी लांब. तांबूस रंगाचे नरही असतात, त्यांनाही लांब शेपटी असते, म्हणून तांबूस दिसला की मादी असं लगेच लिहू नका. मादीची शेपटी आखूड असते. तो पाण्यात सूर मारतो, क्षणात वर येतो, त्या फिती मागून लहरत येतात. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय आणि अजूनही प्रत्येक वेळी श्वास रोखला जातो.

सोबत कुणी असेल तर बोट दाखवू नका, हाताची हालचाल पक्ष्याला आवाजापेक्षा जास्त घाबरवते. हळू आवाजात घड्याळाच्या भाषेत सांगा: 'समोरच्या उंबराचं खोड मध्यभागी धर, दोनच्या दिशेची फांदी, तिच्या निम्म्यावर.' एकदा सवय झाली की दहा सेकंदांत समोरच्याला पक्षी सापडतो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. फेब्रुवारी ते एप्रिल हा या डोंगरांवर वणव्यांचा काळ. गवत पेटलं की जमिनीवर आणि झुडपात घरटी करणारे पक्षी, सरडे, किड्यांच्या अळ्या सगळं जळून जातं. सिगारेट, काडेपेटी, चूल काहीही नको. धूर दिसला तर लगेच गावात किंवा वनविभागाला कळवा.

नवरंग या महिन्यात शोधू नका. तो पावसाच्या तोंडावर येतो. चातकही तसाच.

वाटेत: एक फुललेलं झाड

सव्वानऊला ओढ्यातून बाहेर या. भूक लागलेली असते. पायथ्याला पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही मिळतं, खाऊन घ्या. डोणज्यापासून पानशेतकडे जाणाऱ्या रस्त्यावर निघालात की डोळे रस्त्याकडेला ठेवा. दुरून लाल-केशरी दिसेल तो पळस. जाड, मांसल लाल फुलांची, आडव्या फांद्यांची उंच काटेसावर. शेंड्याला शेंदरी तुरे असतील तो पांगारा. ज्या झाडाखाली गळलेल्या फुलांचा ताजा सडा आहे आणि वर कलकलाट आहे, ते आपलं झाड. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावा, उन्हाकडे पाठ करून उभे राहा आणि अर्धा तास द्या.

या फुलांत मध भरपूर असतो, म्हणून तिथे कोण येत नाही ते विचारा. साळुंक्या, कावळे, कोतवाल, टकाचोर, हळद्या, सूर्यपक्षी, खारी. जांभळा सूर्यपक्षी नर या दिवसांत पूर्ण रंगात असतो. सावलीत काळा, उन्हात जांभळा-निळा. फुलाच्या तोंडाशी शेवटचा थेंब मिळेपर्यंत तो लोंबकळतो.

पण इथला मानकरी भोरडी. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, डोक्यावर मागे झुकलेला तुरा. मराठीत तिचं दुसरं नाव पळसमैना, आणि ज्याने ते ठेवलं त्याने तिला नक्की याच महिन्यात पाहिलं असणार. मध्य आशियातून ती पावसाळा सरता सरता आपल्याकडे येते, तेव्हा रंग मळकट असतो. मार्चपर्यंत तो गुलाबी रंग उजळतो, आणि एप्रिलमध्ये थवेच्या थवे परत निघतात. चेहरा नीट बघा, चोचीच्या बुडाशी परागांचा पिवळा-केशरी पट्टा लागलेला असतो. एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेण्याचं काम असं आयतं होत असतं.

मोजण्याची सवय इथेच लावा. शंभर-दीडशेचा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरा आणि मग तेवढे तुकडे थव्यात किती बसतात ते बघा. 'खूप' असं वहीत कधीच लिहू नका. 'सुमारे १२०' लिहा. चुकलं तरी ते 'खूप'पेक्षा उपयोगाचं.

दहा ते साडेअकरा: खडकवासल्याचं मागचं पाणी

धरणाची भिंत आणि चौपाटी मागे टाका. गोऱ्हे, खानापूरच्या बाजूला पाणी ओसरून चिखलाचा काठ उघडा पडलेला असतो, तो खरा बघायचा. समोरच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द आहे. तिकडे जायचा प्रयत्न करू नका, कॅमेराही तिकडे रोखू नका. पाण्यात उतरू नका. वाळलेला दिसणारा चिखल वरून कडक आणि खाली दलदल असतो, माणसं त्यात रुततात.

काठावर शेकाट्या दिसतील, लांब गुलाबी पायांवर उभे. पाठ सतत खाली-वर हलवत धावणारा तुतवार. शेपटी आपटणारे धोबी, त्यातला पांढऱ्या भुवईचा आपला कायमचा, आणि पोटाला पिवळा असलेला करडा धोबी थंडीचा पाहुणा. पाण्यावर गोल गोल फिरून मध्येच सूर मारणारा नदी सुरय. खांबांवर पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे.

इथली सगळ्यात महत्त्वाची सूचना टिटवीबद्दल आहे. मार्चपासून टिटवी उघड्या जमिनीवर, खडे-गोट्यांत अंडी घालते. साधारण चार, मातकट, काळे डाग असलेली. एका फुटावरून बघितली तरी दगड वाटतात. तुम्ही जवळ गेलात की ती 'टिटीव-टिटीव' करत डोक्यावरून घिरट्या घालते. ती तुमच्या पाठीमागे जोरात ओरडत असेल तर घरटं बहुधा जवळच आहे. पुढचं पाऊल टाकण्याआधी खाली बघा, आल्या पावलांवरून मागे फिरा. अंडी शोधून फोटो काढायचा मोह नको. पालक उठले की भर उन्हात अंडी काही मिनिटांत तापतात आणि कावळे तर लक्ष ठेवून असतातच.

काठाची माती उभी कापलेली असेल तिथे दूर थांबून बघा. वेडा राघू त्या मातीत भोकं करून आत लांब बोगदा खणतो आणि तिथे पिल्लं वाढवतो. चोचीत मधमाशी धरून फांदीवर आपटणारा राघू दिसला की समजा, ती आत जायची आहे.

दुपार: घरी जा

बारा ते साडेतीन काही बघायला जाऊ नका. पक्षीही सावलीत असतात. जेवा, झोपा, सकाळच्या नोंदी पूर्ण करा.

झोप येत नसेल तर एक करा. तुमच्या सोसायटीत, मंदिराच्या पारावर किंवा रस्त्याच्या कडेला फळं आलेला उंबर, वड किंवा पिंपळ असेल, तर त्याच्याखाली खुर्ची टाकून बसा. तांबट येतो, हिरवा, कपाळ आणि छाती लाल. त्याची 'टुक-टुक-टुक' कानावर पडली की कसब्यातली तांबट आळी आठवते, ठोक्याला ठोका तसाच. कोकीळ फळं खायला येतो. काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा, आणि 'कुहू' करतो तो नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, ती 'किक-किक-किक' असा कर्कश आवाज काढते. नशीब असेल तर हरियालांचा थवा असतो, पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर, आपला राज्यपक्षी. पानांत तो इतका मिसळून जातो की फळ खाली पडलं की वर बघायचं, एवढाच उपाय.

पुण्याच्या जुन्या झाडांवर राखी धनेशही सहज दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, फक्त चोचीएवढी फट ठेवते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लांना फळं भरवतो. नर एकाच खोडाशी पुन्हा पुन्हा येताना दिसला तर ती ढोली आहे. ही जागा कुणालाही सांगू नका, नकाशावर टाकू नका, फोटोत खोड ओळखू येईल असं काही दाखवू नका. त्या नराला घाबरवलं तर आत कोंडलेलं अख्खं कुटुंब उपाशी राहतं.

चार ते साडेपाच: पाषाण तलाव

राम नदी अडवून केलेला हा तलाव. पाण्याची आजची अवस्था चांगली नाही, जलपर्णी पसरते, वास येतो. तरी जा. एवढ्या छोट्या जागेत पाणपक्षी इतके जवळून दुसरीकडे क्वचित दिसतात, आणि आपण बघायला जात राहिलो नाही तर तलाव आणखी बिघडला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा आणि तिथूनच काठाचा एकेक भाग डावीकडून उजवीकडे दुर्बिणीने सावकाश वाचत जा. बोरूच्या बेटाच्या कडेला जांभळी पाणकोंबडी, लाल कपाळपट्टी, शेपटी झटकत चालणारी. तरंगत्या पानांवरून लांबलचक बोटांनी चालणारा कमळपक्षी. मधल्या पाण्यात काळे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका म्हणून हळदी-कुंकू बदक. ही दोन नावं लहान मुलांना एकदा सांगितली की ती विसरत नाहीत, म्हणून मुलांना घेऊन जायचं असेल तर सुरुवात पाषाणपासून करा. बोरूत पुतळ्यासारखा उभा असलेला जांभळा बगळा शोधायला वेळ लागतो, आणि तारांवर भिंगऱ्यांची रांग असते.

संध्याकाळ: वेताळ टेकडी

पाषाणहून पंचवटीच्या बाजूने टेकडीवर चढता येतं, म्हणून हा शेवटचा टप्पा. पावणेसहापर्यंत वर पोहोचा. सूर्य पावणेसातला मावळतो, एक तास मिळतो.

गिरिपुष्पाच्या गुलाबी फुलोऱ्यात सूर्यपक्षी आणि चष्मेवाले असतात. झुडपातून 'टोवीट-टोवीट' करणारा एवढासा पक्षी म्हणजे शिंपी, आणि शेपटीचा पंखा उघडत गिरक्या घेणारा नाचण. पण इथे चालत राहण्यापेक्षा जुन्या खाणीच्या वरच्या काठावर, कड्यापासून मागे सरकून बसा. खाणीतल्या पाण्यावर संध्याकाळी पक्षी उतरतात. गवतातून तित्तराची साद येते, आधी एक, मग तिला जोडून दुसरी. मोर ओरडतात. भोवती चारही बाजूंना शहराचे दिवे लागत असतात आणि मध्ये हे चाललेलं असतं.

सूर्य मावळला की अजून वीस मिनिटं थांबा. पिंगळ्यांची जोडी कलकलाट करत ढोलीतून बाहेर येते. मग पुरता अंधार पडायच्या आधी रातवा उडतो, आवाज न करता, वाटेपासून थोड्या उंचीवर, पतंग टिपत. बऱ्याचदा तो मातीच्या वाटेवरच बसलेला असतो, म्हणून उतरताना बॅटरी पायापुढे धरा, त्याच्या डोळ्यांत मारू नका. एकट्याने थांबू नका, आणि रुळलेली वाट सोडू नका.

या टेकडीवरच्या नोंदी खास काळजीने करा. टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या प्रस्तावाला पुणेकरांनी वर्षानुवर्षं विरोध केला आहे. असा प्रश्न येतो तेव्हा 'इथे पक्षी आहेत' म्हणून भागत नाही. कोणते, किती, कुठल्या महिन्यात, घरटं होतं का, हे विचारलं जातं. ई-बर्डवर टाकलेली तारीख, वेळ, अंतर आणि संख्या अशा वेळी कामाला येतात. पाहिलेल्या सगळ्या जाती टाका, साळुंकी, पारवा, कावळासुद्धा. नुसते दुर्मीळ पक्षी टाकले तर ती यादी अर्धवट. चिमण्याही मोजा. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो, पण मोजणी इतर दिवशीही हवी.

कवडी आणि भिगवण का नाही

कारण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला आहेत. लोणी काळभोरच्या अलीकडचं कवडी पाट मुळा-मुठेच्या बंधाऱ्यावर आहे, सकाळच्या पहिल्या उन्हात बघायचं ठिकाण. मार्चच्या सुरुवातीला चक्रवाकांच्या जोड्या तिथे मिळतात, महिना सरताना त्या कमी होत जातात, म्हणून जायचं तर होळीच्या सुमारास. भिगवण पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, उजनीच्या फुगवट्यावर. त्याला स्वतंत्र दिवसच द्यायला हवा.

ज्यांना पहाटे निघणं शक्य नाही, किंवा गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी पाषाण आणि घराजवळचं एक फळांचं झाड एवढंच करावं. चाळीसेक जाती सहज होतात.

रात्री घरी आल्यावर झोपायच्या आधी वही उघडा. ज्या पक्ष्याचं नाव कळलं नाही त्याच्या पुढे चोचीचा आकार, शेपटी, पायांचा रंग आणि तो काय करत होता, हे चार शब्दांत लिहून ठेवा. सकाळपर्यंत पायांचा रंग हमखास विसरतो.